जुना संगणक, नवी कार्यप्रणाली : वाचकांचे प्रश्न

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट थांबवली, तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर पालटला आहे. कोणता नवा संगणक घ्यावा, असे विचारणारे वाचक आता आहे तोच चालवता येईल का, असे विचारू लागले आहेत. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेली अशी काही पत्रे संक्षिप्त करून येथे घेतली आहेत. लिनक्स ही विंडोजच्या जागी बसवता येणारी मोफत कार्यप्रणाली (संगणक चालवणारा मूळ प्रोग्राम) असून तिचे अनेक प्रकार आहेत. ‘सर्वांत चांगले लिनक्स कोणते?’ या प्रश्नाला मात्र मी उत्तर दिलेले नाही, कारण संगणकावर कोणते काम होते आणि ते काम कोणत्या प्रोग्रामला किंवा यंत्राला बांधलेले आहे, हे कळल्याशिवाय त्या प्रश्नाला अर्थ येत नाही.

प्रश्न : माझा डेस्कटॉप २०१३ सालचा आहे. त्यात तिसऱ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्डडिस्क आहे. सुरू होऊन हाताशी यायला त्याला पाच-सात मिनिटे लागतात. विंडोज ११ यावर बसणार नाही, नवा घ्या, असे दुकानदार सांगतात. वृत्तपत्रे, ईमेल, बँकेचे खाते, कीर्तने ऐकणे आणि वर्षातून एकदा हयातीचा दाखला एवढाच माझा वापर आहे. या वयात लिनक्स जमेल का?
— निवृत्त रेल्वे कर्मचारी, मिरज

उत्तर : दुकानदाराचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलच्या आय-मालिकेतले साधारण आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर अधिकृत यादीत आहेत, त्यामुळे आपला संगणक त्या यादीत बसत नाही. त्यावरून नवा संगणक घ्यावा, असे मात्र ठरत नाही. आपण लिहिलेल्या कामांना हा प्रोसेसर आजही पुरतो. सुरू व्हायला लागणारा वेळ बहुतेक वेळा फिरत्या तबकड्यांच्या हार्डडिस्कमुळे लागतो, आणि तिच्या जागी साधी सॅटा जोडणीची २४० किंवा २५६ जीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली, वेगवान डिस्क) बसवली, तर विंडोज असो वा लिनक्स, फरक पहिल्याच दिवशी दिसतो. जुन्या संगणकावर एकदाच खर्च करायचा असेल, तर तो येथे करावा. त्यानंतर हाताशी पैसे राहिले, तर डीडीआर-३ प्रकारची रॅम ८ जीबीपर्यंत वाढवावी.

विंडोज १० वरच राहायचे असेल, तर घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा अपडेटची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत दिलेली आहे. त्याने प्रश्न वर्षभर पुढे ढकलला जातो, एवढेच. आपल्या वापराला मी लिनक्स मिंट या प्रकाराची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती सुचवीन. मिंटच्या निर्मात्यांनी किमान २ जीबी आणि सुखाने चालण्यासाठी ४ जीबी रॅम सांगितली आहे, म्हणजे आपला संगणक आहे त्या रॅमवरही चालेल, आणि मिंटच्या २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. खालच्या डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ, मध्ये उघडलेल्या खिडक्या अशी मांडणी असल्यामुळे विंडोजची सवय असलेल्या माणसाला ते परके वाटत नाही. फायरफॉक्स त्यात आधीपासूनच असते, क्रोमही बसवता येते, आणि वृत्तपत्र, ईमेल, बँक ही कामे ब्राउझरमध्येच होत असल्यामुळे रोजच्या व्यवहारात फारसे काही बदलत नाही. तेव्हा वयाची काळजी सोडून द्यावी. या बाबतीत वयापेक्षा घरातल्या तरुण मंडळींची घाई जास्त नडते, असे मला दिसते.

त्या घाईवर उपाय असा, की हार्डडिस्कला हात लावण्यापूर्वी लिनक्स पेनड्राइव्हवरून चालवून पाहावे. ८ जीबीची रिकामी पेनड्राइव्ह घ्यावी, मिंटच्या संकेतस्थळावरून सुमारे ३ जीबीची आयएसओ फाईल (सगळी प्रणाली एकत्र बांधलेली डिस्क-प्रतिमा) उतरवावी आणि रुफस किंवा बॅलेना एचर या मोफत प्रोग्रामने ती पेनड्राइव्हवर चढवावी. ती नुसती कॉपी करून चालत नाही. संगणक सुरू होताना डेल आणि लेनोव्होच्या बहुतेक यंत्रांवर एफ-१२, तर एचपीवर एस्केप आणि मग एफ-९ दाबल्यास कोठून सुरू करायचे, याची यादी येते. तीत पेनड्राइव्ह निवडावी. मिंट उघडल्यावर आवाज येतो का, इंटरनेट मिळते का, प्रिंटर ओळखला जातो का, झोपवलेला संगणक पुन्हा जागा होतो का, हे सगळे स्वस्थपणे तपासावे. वेगाचा अंदाज मात्र यावरून बांधू नये, कारण पेनड्राइव्हवरून चालणारी प्रणाली संथच असते. वायफाय ओळखले गेले नाही, तर घाबरू नये: मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्यावरचे टेदरिंग (मोबाइलचे इंटरनेट संगणकाला देण्याची सोय) सुरू केले, की तात्पुरते इंटरनेट मिळते आणि मिंटच्या ‘ड्रायव्हर मॅनेजर’मधून, विशेषतः ब्रॉडकॉमच्या जुन्या वायफाय कार्डांसाठी, हवा तो ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारा छोटा प्रोग्राम, घेता येतो.

नवी एसएसडी घेणारच असाल, तर जुनी हार्डडिस्क काढून बाजूला ठेवावी आणि मिंट एसएसडीवर बसवावे. मग ‘सगळी डिस्क पुसून बसवा’ हा पर्याय निवडला, तरी पुसण्यासारखे त्यात काहीच नसते, आणि उद्या मन बदलले, तर जुनी हार्डडिस्क जोडून पूर्वीचे विंडोज जसेच्या तसे परत मिळते. छायाचित्रे आणि कागदपत्रे यांची आणखी एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, आणि ती डिस्क संगणकाच्याच टेबलाखाली ठेवू नये, हे २०१९ चा महापूर पाहिलेल्या मिरज-सांगलीकरांना वेगळे सांगायला नको.

हयातीच्या दाखल्यासाठी आपण बोटाच्या ठशाचे यंत्र विंडोजला जोडत असाल, तर तेवढी एक सोय लिनक्सवर सुटेल. ‘जीवन प्रमाण’ या हयातीच्या दाखल्याच्या सरकारी ऑनलाइन सोयीचे काम आता अँड्रॉइड मोबाइलवर चेहरा दाखवूनही होत असल्यामुळे तिच्यासाठी विंडोज सांभाळत बसण्याचे कारण उरलेले नाही.

प्रश्न : आमच्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाला काही जुने संगणक देणगी म्हणून मिळाले आहेत. दोन पेंटियम ४ आहेत, एक ॲटम प्रोसेसरचा छोटा लॅपटॉप आहे आणि दोन कोअर टू ड्युओ आहेत. सगळ्यांवर ३२ बिट विंडोज होते. मुलांना इंटरनेट देता यावे आणि ग्रंथांची यादी संगणकावर व्हावी, अशी इच्छा आहे. कोणते लिनक्स घालावे?
— ग्रंथपाल, कोरेगाव तालुका, जिल्हा सातारा

उत्तर : आधी या पाच संगणकांचे, प्रोसेसर एका वेळी किती माहिती हाताळतो त्यावरून, ३२ बिट आणि ६४ बिट असे दोन गट करावेत. विंडोज ३२ बिट होते म्हणजे प्रोसेसरही तसाच, असे नाही. २००६ मध्ये आलेला कोअर टू ड्युओ ६४ बिट आहे, पण त्या काळी विक्रेते त्यावरही ३२ बिट विंडोज घालून देत असत. त्या दोन संगणकांवर आजचे ६४ बिट लिनक्स चालेल. ॲटममध्ये दोन्ही प्रकार होते. त्यातला जुना एन-२७० हा ३२ बिट आहे. पेंटियम ४ मध्येही सुरुवातीचे सारे ३२ बिट आणि शेवटचे काही ६४ बिट आहेत, त्यामुळे प्रोसेसरचे पूर्ण नाव व क्रमांक पाहूनच ठरवावे.

३२ बिट यंत्रांचा रस्ता आता आखूड होत चालला आहे, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. उबुंटू या लिनक्सच्या लोकप्रिय प्रकाराने ३२ बिट डेस्कटॉपच्या डिस्क-प्रतिमा २०१७ मध्येच थांबवल्या. ज्या डेबियनवर कितीतरी लिनक्स आधारलेली आहेत, त्याची १३ वी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली आणि तिच्यापासून ३२ बिट पीसीवर नव्याने बसवण्याची सोय राहिली नाही. डेबियन १२ ची दीर्घ मुदतीची देखभाल जून २०२८ पर्यंत आहे. क्रोमने ३२ बिट लिनक्सची साथ २०१६ मध्ये सोडली, तर फायरफॉक्सने १४५ व्या आवृत्तीपासून सोडली असून दीर्घ मुदतीच्या १४० व्या आवृत्तीला किमान सप्टेंबर २०२६ पर्यंत अपडेट देण्याचे जाहीर केले आहे. म्हणजे लिनक्स चालेल, पण मुलांच्या हाती देण्याजोगा सुरक्षित ब्राउझर पुढे मिळत राहीलच, असे नाही. शिवाय आजची संकेतस्थळे इतकी जड आहेत, की १ जीबी रॅमच्या यंत्रावर दोन पाने उघडताच ते अडखळू लागते. कार्यप्रणाली कितीही हलकी घातली, तरी संकेतस्थळे हलकी होत नाहीत.

म्हणून माझे मत असे, की इंटरनेट फक्त दोन कोअर टू ड्युओंवर द्यावे. त्यांत बसेल तेवढी, शक्य तर ४ जीबी रॅम घालावी आणि मिंटची एक्सएफसीई आवृत्ती बसवावी. ॲटमचा लॅपटॉप ३२ बिट निघाला, तर डेबियन १२ वर आधारलेले अँटीएक्स २३ त्याच्यासाठी योग्य आहे. ते अर्धा जीबी रॅमवरही उभे राहते, आणि इंटरनेट न जोडता देवघेवीच्या टेबलावर यादीसाठी ते छान वापरता येईल. पेंटियम ४ मात्र कामाच्या मानाने वीज फार खातात. त्यांतले चालू सुटे भाग काढून ठेवावेत आणि बाकीचे ई-कचरा अधिकृतपणे घेणाऱ्यांकडे द्यावे. देणगीदारांना वाईट वाटेल म्हणून बंद संगणक टेबलावर मांडून ठेवण्याची आपल्या संस्थांतली रीत मला पटत नाही.

यादीसाठी ‘कोहा’ ही मुक्त ग्रंथालय प्रणाली डेबियनवर चालते आणि जगभरची ग्रंथालये ती वापरतात, पण ती बसवायला आणि सांभाळायला जाणते माणूस लागते. ग्रंथसंख्या काही हजारांपर्यंतच असेल, तर लिब्रेऑफिसच्या कॅल्क या तक्त्यांच्या मोफत प्रोग्राममध्ये दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक, विषय अशा स्तंभांची यादी करावी. पुढे कोहा घ्यायचे ठरले, तर ती त्यात चढवता येते.

प्रश्न : लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तके छापण्याचा आमचा व्यवसाय आहे. कोरलड्रॉ व पेजमेकर हे मांडणीचे प्रोग्राम आणि मराठी अक्षरांचे श्री-लिपी जुन्या विंडोज ७ वर चालतात. लिनक्स घातले तर ते फुकटात होईल, असे भाचा म्हणतो.
— मुद्रण व्यावसायिक, सांगली

उत्तर : या संगणकावर घालू नये. आपला व्यवसाय ज्या तीन प्रोग्रामांवर उभा आहे, ते विंडोजसाठी केलेले आहेत. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवू पाहणाऱ्या ‘वाइन’ या सोयीतून असे प्रोग्राम कधी चालतात, कधी अर्धवट चालतात, आणि लग्नसराईत अर्धवट चालणारा प्रोग्राम न चालणाऱ्यापेक्षा वाईट. इंकस्केप व स्क्राइबस हे चांगले मुक्त पर्याय आहेत, परंतु वर्षानुवर्षांच्या पेजमेकर फायली त्यांत जशाच्या तशा उघडतीलच, असे नाही.

विंडोज ७ ची सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० लाच थांबली असल्यामुळे हा संगणक इंटरनेटपासून तोडावा. ग्राहकांचे ईमेल, व्हॉट्सॲपवरून येणारा मजकूर आणि त्यांच्या पेनड्राइव्ह यांसाठी दुसरा जुना संगणक घेऊन त्यावर लिनक्स घालावे. विंडोजच्या विषाणूंना तेथे सहसा थारा मिळत नाही. मजकूर तपासून, हवी तेवढीच फाईल कामाच्या संगणकावर न्यावी. भाच्याचा उत्साह त्या दुसऱ्या संगणकावर कामी येईल.

प्रश्न : मी कथा लिहिते. आधीचे लेखन श्री-लिपीत आहे, हल्ली युनिकोड या सर्वत्र चालणाऱ्या अक्षर-संकेतात टंकते. लिनक्सवर मराठी नीट उमटते का? जुन्या फायली उघडतील का?
— एक लेखिका, वाई

उत्तर : मराठी उमटते, आणि टंकण्यासाठी बहुधा बाहेरून काही उतरवावे लागत नाही. मिंटमध्ये कीबोर्डच्या मांडणीत भारतीय भाषांखाली मराठीच्या दोन मांडण्या मिळतात, एक इनस्क्रिप्ट आणि एक उच्चारानुसारी. इंग्रजी अक्षरांत शब्द टाइप करून मराठी उमटवण्याची सवय असेल, तर आयबस आणि त्याच्या जोडीला एम-१७-एन हा संच बसवावा. तरीही माझी शिफारस इनस्क्रिप्टची आहे. ही मांडणी भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या प्रमाणकातली असल्यामुळे विंडोज, लिनक्स आणि मोबाइल या तिन्ही ठिकाणी ती मिळते, आणि एकदा हात बसला, की संगणक बदलल्याने लेखन अडत नाही.

लेखिकेच्या नजरेला खटकतील अशा दोन-तीन बारीक गोष्टी सांगतो. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला अर्धा र युनिकोडमध्ये नुक्ता असलेल्या ऱ ला हलंत जोडून मिळतो. साधा र वापरला, तर त्याचा रफार होतो आणि ‘दर्या’ उमटतो. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आले, त्यामुळे फार जुन्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी चौकोन दिसतो, आणि त्याआधीच्या मजकुरात तो स्वर दुसऱ्या रीतीने लिहिलेला असल्यामुळे शोध घेताना सापडत नाही. ल आणि श यांची वळणे हिंदीसारखी दिसू लागली, तर लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडून पाहावी, काही फॉन्ट त्याबरोबर मराठी वळण देतात. राज्य मराठी विकास संस्थेने विनामूल्य दिलेले यशोमुद्रा आणि यशोवेणू हे फॉन्ट लिनक्सवरही बसवता येतात.

श्री-लिपीतल्या फायलींचे मात्र रूपांतरच करावे लागेल. त्या काळच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या जागी ठेवलेली असत, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर आपली कथा निरर्थक रोमन चिन्हांची रांग होऊन उघडेल. हा दोष लिनक्सचा नाही, नव्या विंडोजवरही तेच होईल. तेव्हा श्री-लिपी चालू असलेला संगणक हाताशी असेतोवर प्रत्येक कथेची पीडीएफ काढून ठेवावी, मग मजकूर युनिकोडमध्ये बदलावा आणि पीडीएफशी ताडून वाचावा. जोडाक्षरे, रफार आणि पहिली वेलांटी यांत रूपांतर हटकून चुकते.

प्रश्न : आमच्या दूध संस्थेत एका संगणकाला वजनकाटा आणि फॅट तपासण्याचे यंत्र जोडलेले आहे. दुसऱ्यावर टॅली आणि पत्रव्यवहार चालतो. दोन प्रिंटर आहेत, एचपी १०२० आणि कॅनन एलबीपी २९००. दोन्ही संगणकांवर लिनक्स घालता येईल का?
— सचिव, दूध उत्पादक संस्था, पलूस तालुका

उत्तर : संकलनाच्या संगणकाला हात लावू नये. काटा आणि फॅटयंत्र ज्या प्रोग्रामशी बोलतात, तो पुरवठादाराने विंडोजसाठी दिलेला असतो, आणि पहाटे उत्पादक रांगेत उभे असताना प्रयोग करण्याची ती जागा नव्हे. त्या संगणकावर इंटरनेट आणि इतर पेनड्राइव्ह बंद ठेवणे, एवढी शिस्त पाळावी.

दुसऱ्या संगणकावर विंडोज आणि लिनक्स शेजारी-शेजारी ठेवता येतील. टॅलीही विंडोजसाठीच आहे, म्हणून हिशेब विंडोजमध्ये, पत्रव्यवहार आणि इंटरनेट लिनक्समध्ये अशी वाटणी करावी. बसवण्यापूर्वी टॅलीच्या डेटाची प्रत बाहेर काढावी, विंडोजमधूनच डिस्कवर जागा मोकळी करावी आणि विंडोजचे ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे, कारण ते चालू असेल, तर विंडोज पूर्णपणे बंद होत नाही आणि लिनक्सला त्या भागात नीट लिहिता येत नाही.

प्रिंटरांपैकी एचपी १०२० चालेल. त्याला दर वेळी सुरू झाल्यावर संगणकाकडून फर्मवेअर (त्याला चालवणारा आतला प्रोग्राम) घ्यावे लागते, आणि त्यासाठी एचपीच्या एचपीलिप या प्रोग्राममधले प्लगइन एकदा उतरवावे लागते. ते राहून गेले, तर प्रिंटर यादीत दिसतो, पण कागद हलत नाही. कॅनन एलबीपी २९०० ची भाषा कॅप्ट नावाची, कंपनीची स्वतःची आहे, तिचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हर जुना आहे आणि नव्या प्रणालीवर तो बसवताना खटपट पडते. तो विंडोजकडेच राहू द्यावा.

प्रश्न : लिनक्सखेरीज आणखी काही आहे का? जुन्या लॅपटॉपवर प्रयोग करायचा आहे.
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, कराड

उत्तर : हायकू ही कार्यप्रणाली पाहावी. बी इनकॉर्पोरेटेड या कंपनीची बीओएस ही प्रणाली १९९० च्या दशकात तिच्या वेगासाठी नावाजली गेली होती. २००१ मध्ये त्या कंपनीचे तंत्रज्ञान आणि मालमत्ता पाम या दुसऱ्या कंपनीने विकत घेतल्यावर चाहत्यांनी तशीच प्रणाली मुळापासून मुक्तपणे लिहायला घेतली, तीच पुढे हायकू झाली. तिची पाचवी बीटा (चाचणीची) आवृत्ती सप्टेंबर २०२४ मध्ये आली. ती ३२ बिट यंत्रांवरही चालते, चटकन सुरू होते आणि तिची रचना एकसंध असल्यामुळे कार्यप्रणाली आतून कशी असते, हे वाचायला ती लिनक्सपेक्षा सोपी पडते. ती अजून बीटा आहे, तेव्हा परीक्षेचे प्रकल्प त्यावर ठेवू नयेत. विंडोजचे प्रोग्राम चालवू पाहणारी मुक्त रिॲक्टओएस अजून अल्फा, म्हणजे बीटाच्याही आधीच्या, अवस्थेत आहे. ती व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे चालू प्रणालीच्या आत आभासी संगणक उघडणाऱ्या प्रोग्राममध्येच, पाहिलेली बरी.

प्रश्न : लिनक्स घातल्यापासून संगणकाची वेळ चुकते आणि कधी कधी बँकेचे संकेतस्थळ उघडत नाही. जुने विंडोजही सोबत ठेवले आहे.
— किराणा व्यापारी, विटा

उत्तर : वेळ किती चुकते, ते पाहावे. फरक नेमका साडेपाच तासांचा असेल, तर यंत्रात बिघाड नाही. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवते आणि लिनक्स सहसा जागतिक वेळ ठेवते, त्यामुळे एकातून दुसऱ्यात गेल्यावर भारतात बरोबर तेवढा फरक पडतो. लिनक्सला घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगितले, की तो मिटतो. ही एका ओळीची आज्ञा आहे, जाणकाराकडून देववून घ्यावी. तारीखच जर कित्येक वर्षे मागे जात असेल, तर मदरबोर्डवरची सीआर २०३२ ही नाण्याएवढी बॅटरी संपलेली आहे. तारीख चुकली, की संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रे ब्राउझरला अवैध वाटतात आणि बँकेचे पान उघडत नाही. ही बॅटरी घड्याळाच्या दुकानातही मिळते. संगणकाची वायर काढून ती बदलावी, बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन तारीख-वेळ लावावी आणि मगच बँकेचे पान उघडून पाहावे.